वाणात ब्रॉडबँड

बळवंतराव खरवंडीकर निवृत्त झाले आणि त्यानंतर बरोबर सात महिन्यांनी त्यांच्या बायकोला नोकरी लागली. यात हसण्यासारखं काही नाही, पण हरसिंगार अपार्टमेंटमध्ये लोक हसले. चोपन्नाव्या वर्षी नोकरी, आणि तीही मिसेस खरवंडीकरना? गिरिजाबाईंनी कोणाच्या हसण्याला भीक घातली नाही. हे काम आपल्याला हवं आहे आणि ते हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

काम तसं साधं होतं. नोएडातली एक कंपनी जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवत होती. मशीन पान वाचायचं, आणि वाचता वाचता ओळीच्या ओळी गिळून टाकायचं. मूळ पान शेजारी ठेवून त्या चुका काढायला मराठी पक्कं असलेलं माणूस हवं होतं. आता दिल्लीत असं माणूस कुठून आणायचं? इथं वाढलेल्या आपल्या पोरांना 'फडताळ' म्हणून बघा, तोंडाकडे बघत बसतील. तर त्या कंपनीतल्या शिवांगीनं, जी स्वतः दिल्लीतच वाढलेली, ओळखीपाळखीतून गिरिजाबाईंना गाठलं आणि परीक्षा म्हणून दहा पानं पाठवली.

ती दहा पानं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेताना गिरिजाबाईंच्या नाकी नऊ आले. दोन हजार सहा सालचा जानेवारी. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, नोएडात मॉल उघडत होते, आणि हरसिंगार होतं त्या गाझियाबादेत, दिल्लीची हद्द ओलांडून दहा मिनिटांवर, इंटरनेट अजून टेलिफोनच्या तारेतून किरकिरत, कण्हत यायचं. सकाळी आठला बाई बसल्या. मधेच पुण्याहून बहिणीचा फोन आला, तार तुटली. मग दूधवाल्याचा आला, पुन्हा तुटली. दहावं पान दुपारी दीडला उतरलं. मग मात्र त्यांनी तासाभरात सगळ्या चुका काढल्या, आणि शिवांगीच्या माणसांच्या नजरेतून सुटलेल्या दोन वर.

"काकू, काम बिल्कुल परफेक्ट आहे," शिवांगी फोनवर म्हणाली, "पण यार, रोज साठ पानं असतील. या लाइनवर कसं होणार? वीस फेब्रुवारीला प्रोजेक्ट सुरू. तोपर्यंत ब्रॉडबँड लागलं तर काम तुमचं. नाही तर मला दुसरं कोणी बघावं लागेल. सॉरी हां."

बाजारातला सायबर कॅफे त्यांनी बघून ठेवला होता. तिथं आठ कॉम्प्युटरांवर आठ कार्टी एकमेकांना गोळ्या घालत होती. तिथं बसून साठ पानं तपासायची म्हणजे झालंच.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या कामाचं? तर ऐका. गिरिजाबाईंनी याआधी तीन नोकऱ्या धरल्या होत्या. नागपुरात ग्रंथालयात, भोपाळला शाळेत, आणि दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत बदली शिक्षिका म्हणून. तिन्ही ठिकाणी त्या रमल्या, आणि तिन्ही सुटल्या. पहिल्या दोन वेळा बळवंतरावांची बदली झाली म्हणून, तिसऱ्या वेळी सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून या स्वतःच्या फ्लॅटमध्ये आल्या तेव्हा ट्रंकेच्या तळाशी नागपूरच्या ग्रंथालयाचं ओळखपत्र सापडलं आणि त्या अर्धा तास तिथंच बसून राहिल्या. आता कोणाची बदली व्हायची नव्हती. ही चौथी नोकरी त्यांना सोडायची नव्हती.

ब्रॉडबँड आणायचं म्हणजे काय हे त्यांनी 'पवनवेग ब्रॉडबँड' नावाच्या नव्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन विचारलं. तिथं राजीव नावाचा चाळिशीचा, मफलर गुंडाळलेला माणूस होता. बोलायला चांगला. त्यानं सांगितलं की महिना तीनशे रुपयांत चोवीस तास नेट मिळेल, फोनही मोकळा राहील, पण एका घरासाठी कंपनी केबल ओढत नाही. सोसायटीत एकशेचव्वेचाळीस फ्लॅट आहेत. त्यातल्या पन्नास घरांचे फॉर्म एकतीस जानेवारीपर्यंत आणा, पंधरा दिवसांत तार येईल. नाही तर त्यांची माणसं पुढच्या सेक्टरला जातील ती वर्षभर परत फिरकायची नाहीत.

गिरिजाबाईंनी पन्नास फॉर्म उचलले आणि कंबर कसली.

चार दिवस त्या दारोदार हिंडल्या. बाहेर धुकं असं की समोरचा ब्लॉक दिसत नव्हता, आणि आत माणसं रूम हीटरपुढे हात शेकत बसलेली. दार उघडायचं ते एक फटीपुरतं. "सोचेंगे, भाभीजी." "साहब से पूछना पड़ेगा." सोसायटीचे सेक्रेटरी अशोक मल्होत्रा तर म्हणाले की तारा लोंबकळल्या की नव्या रंगाची वाट लागेल, आणि पोरं बिघडतील ती वेगळीच. मल्होत्रांचा मोठा मुलगा बत्तीस वर्षांचा होता. चार दिवसांत मिळाले सहा फॉर्म, त्यातला एक त्यांचा स्वतःचा.

पाचव्या दिवशी त्या तीळ भाजत होत्या. संक्रांत झाली होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस होते, आणि लक्ष्मीबाई नगरात असताना त्यांचं हळदीकुंकू म्हणजे सगळ्या कॉलनीत गाजायचं. तमिळ, बंगाली, पंजाबी, सगळ्या यायच्या. इथं अजून केलं नव्हतं. यंदा वाण काय द्यायचं, स्टीलची वाटी की प्लास्टिकचा डबा, असा विचार चालला होता, आणि तीळ तडतडायला लागले तशी त्यांची नजर टेबलावरच्या फॉर्मच्या गठ्ठ्याकडे गेली. वाण कोणी नाकारत नाही. हातात दिलेलं वाण ठेवून गेली अशी बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"अहो," त्यांनी हाक मारली, "हळदीकुंकू करतेय. वाण म्हणून फॉर्म वाटणार."

बळवंतराव पेपरमागून बाहेर आले. छत्तीस वर्षं केंद्र सरकारात फायली तपासलेला माणूस. बायकोच्या नोकरीबद्दल ते हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. फाइल त्यांनी विचाराधीन ठेवली होती. पण फॉर्म म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत चमक आली. "फाइल मी लावतो. अनुक्रमांक टाकून," ते म्हणाले. तेवढ्यावर त्यांचा दिवस मजेत गेला.

एकवीस तारखेला, शनिवारी, हळदीकुंकू झालं. काय झालं म्हणून सांगू. गिरिजाबाईंचा नियम क्वार्टरपासूनचा होता: नवरा असो, नसो, आपली असो, परधर्माची असो, बाई म्हणून सगळ्यांना बोलावणं. चौथ्या मजल्यावरच्या विधवा बिमलाजी आल्या, मिसेस सिद्दीकी आल्या, हरमीत कौर आपल्या दोन्ही सुनांना घेऊन आली. मिसेस सिद्दीकींना अत्तर आणि गुलाब, बिमलाजींना इतरांसारखंच सगळं. तिळाचे लाडू, मटारची उसळ, गरम चहा. सोफा भरला, पलंग भरला, मग बायका स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. दीड वर्ष एका लिफ्टमधून वरखाली करणाऱ्या बायकांना एकमेकींची नावं त्या दिवशी कळली.

मग वाण आलं. स्टीलची वाटी, वाटीत तिळगूळ, वाटीखाली घडी घातलेला फॉर्म.

"यह क्या है?" हरमीतनं विचारलं.

"हमारे में जो देते हैं उसको मना नहीं करते," गिरिजाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सरळ आपल्या कामाबद्दल सांगितलं. साठ पानं, वीस फेब्रुवारी, तीन सुटलेल्या नोकऱ्या, सगळं. असं काही सांगायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. मिसेस सिद्दीकींची मुलगी अमेरिकेला होती, आणि आठवड्यातून एकदा त्या रिक्षा करून कॅफेत तिचा चेहरा बघायला जायच्या. त्यांनी पेन मागितलं. बिमलाजींना टेलरिंगचे नवे डिझाइन बघायचे होते. हरमीतला काय हवं होतं ते तिनं सांगितलं नाही, पण सही मोठी झोकदार केली. संध्याकाळपर्यंत बावन्न फॉर्म झाले. कमी पडले तेव्हा बळवंतराव धुक्यात जाऊन झेरॉक्स काढून आले.

दोन दिवस त्यांनी फाइल लावली. घरोघरून आणलेली विजेची बिलं फॉर्मना टाचून, अनुक्रमणिका, पानांवर आकडे, वर टॅग. शेवटी 'तपासले, योग्य' असं लिहून त्यांनी खाली सही ठोकली.

पंचवीस तारखेला गिरिजाबाई ती फाइल छातीशी धरून राजीवकडे गेल्या. राजीवनं पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि मफलर सैल केला.

"मॅडम, हर फॉर्म के साथ बिजली का बिल लगा है, वो तो ठीक. पर बिल है साहब के नाम, और साइन है मैडम के. जिसका बिल, उसी का कनेक्शन. नहीं तो साहब लिखकर दें कि उनको एतराज़ नहीं."

गिरिजाबाईंनी कपाळावर हात मारला. तुमच्या-आमच्यासारख्या कोणाच्याही हे आधी लक्षात आलं असतं. पण जिचा सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये गेला, जिच्या घरचं वीज-पाणी साहेबांच्या पगारातून परस्पर कापलं जायचं, तिनं बिलावर कोणाचं नाव असतं हे कधी बघितलंच नव्हतं. आणि ज्यांनी बघायचं ते बळवंतराव पानांचे आकडे टाकण्यात दंग होते. बावन्नपैकी बारा फॉर्म चालण्यासारखे निघाले. उरलेले चाळीस परत.

घरी येऊन त्यांनी फाइल नवऱ्यापुढे आदळली.

"तपासले, योग्य," त्या म्हणाल्या. "छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलीत खुसपटं काढलीत. बायकोच्या फाइलच्या वेळी डोळे मिटले होते का?"

बळवंतरावांचा चेहरा उतरला. पण ते मुरलेले होते. "त्रुटी आहे, तर पूर्तता करू. ना-हरकत पत्राचा मसुदा मी करतो. पुरुषांकडून सह्या घ्यायच्या, संपलं."

"कोणते बारा चालले माहीत आहे?" गिरिजाबाई खुर्चीत बसल्या. रागाचा भर ओसरला आणि आवाज बसला. "दोघी डॉक्टर आहेत, एक बँकेत आहे. बाकी नऊ जणी बिमलाजींसारख्या. बाईच्या नावावर विजेचं बिल यायला नवरा मरावा लागतो, अहो. आणि आता मी काम करणार त्याला तुमची हरकत नाही, असं तुम्ही लिहून देणार. बाकीच्यांकडून घ्या सह्या, त्यांचं त्या बघतील. माझ्या फॉर्मवर मला ते नको. नागपूर सोडताना मी लिहून दिलं होतं का कुठे, की तुमच्या बदलीला माझी हरकत नाही?"

बळवंतरावांनी फाइल उचलली. ते उठून आत गेले आणि टाइपरायटरचा आवाज यायला लागला.

सव्वीसला सुट्टी. सत्तावीसला सकाळी ते 'जरा जाऊन येतो' म्हणून गेले ते दुपारी तीनला थंडीनं नाक लाल करून आले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, "काम होतं." त्याच संध्याकाळी लिफ्टशेजारी एक नोटीस लागली, हिंदीत, टाइप केलेली, शिक्क्यासकट:

'हरसिंगार अपार्टमेंट के समस्त पुरुष निवासियों की बैठक। रविवार, 29 जनवरी, प्रातः ग्यारह बजे, छत पर। कार्यसूची: 1. धूप। 2. तिळगूळ। 3. अन्य विषय, अध्यक्ष की अनुमति से। उपस्थिति अनिवार्य।'

आता हे डोकं फक्त सरकारी माणसाचंच. सोसायटीतले निम्मे पुरुष कोणत्या ना कोणत्या मंत्रालयात होते, आणि उरलेले तिथूनच निवृत्त झालेले. दार वाजवून फॉर्म पुढे केला तर ते 'सोचेंगे' म्हणतील, पण कार्यसूची असलेली बैठक चुकवायची त्यांची काय बिशाद. शिवाय घरोघरी बायका नोटिशीच्या आधीपासून मागे लागल्या होत्या, ते वेगळंच.

रविवारी देवही पावला. दहा वाजता धुकं फाटलं आणि गच्चीवर लख्ख ऊन पडलं. स्वेटर, मफलर, माकडटोप्या घातलेले पुरुष एकेक करून जिन्यातून वर आले आणि सतरंज्यांवर बसले. बळवंतरावांनी दारातच प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवला आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" असं मराठीत म्हणून त्याचा अर्थ हिंदीत समजावला. मल्होत्रांनी विचारलं, "यह मर्दों का भी होता है?" बळवंतराव म्हणाले, "आज से होता है." शेंगदाणे आले, चहा आला, दोन जणांनी शर्ट वर करून पाठ उन्हाला दिली, आणि मग अध्यक्षांच्या अनुमतीने पत्रांचा विषय निघाला. अध्यक्ष बळवंतरावच होते.

सही करताना कोणी कुरकुर केली नाही असं नाही. पण चहा देता देता गिरिजाबाईंनी बघितलं की सही करून झालेला माणूस शेजारच्याला 'करो भाई, करो' म्हणत होता. मल्होत्रा सर्वांत शेवटी आले. मिसेस मल्होत्रा गच्चीच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. मल्होत्रांनी एकदा तिकडे बघितलं आणि पेन उचललं.

दोन जण गावाला गेलेले होते. बळवंतरावांनी पत्रं मोजली. सदतीस. आधीचे बारा. एकूणपन्नास.

गिरिजाबाईंनी स्वतः पुन्हा मोजली. पन्नासावा फॉर्म होता, आणि तो त्यांच्याच घरात होता. एक सही मागितली की झालं. त्या पदर मुठीत धरून उभ्या राहिल्या. मागावी लागली तर मागू, त्यांनी मनात म्हटलं, एवढ्यासाठी एकूणपन्नास बायकांच्या तोंडाला पानं पुसायची नाहीत.

"आणा ते तुमचं पत्र," त्या म्हणाल्या. "करा सही."

"माझं पत्र केलेलंच नाही," बळवंतराव म्हणाले.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. फ्लॅटचं वीज कनेक्शन श्रीमती गिरिजा बळवंत खरवंडीकर यांच्या नावे करण्यात यावे असा अर्ज, आणि कोपऱ्यात वीज कार्यालयाचा पोचेचा जांभळा शिक्का, तारीख सत्तावीस.

"राजीवला विचारून आलोय. ही पोच चालते. बिल पुढच्या महिन्यापासून तुझ्या नावे येईल." मग लोकांसमोर ते असं कधी बोलले नसते, पण बोलले. "गिरिजा, तीन वेळा मी तुला विचारलंच नाही. बदलीचा कागद आला की सामान बांधायला सांगायचो. आईच्या वेळीही तू शाळा सोडलीस तेव्हा मी गप्पच बसलो. माझं चुकलं."

गिरिजाबाईंना रडू फुटलं आणि त्याच दमात हसू आलं. मराठी न कळणारे चाळीस पुरुष दोघांकडे बघत होते. काय झालं ते हरमीतच्या नवऱ्याला कळलं नाही, पण त्यानं टाळ्या वाजवल्या आणि मग सगळी गच्चीच वाजवायला लागली.

तार सतरा फेब्रुवारीला आली. मल्होत्रा स्वतः खाली उभे राहून ती इमारतीला रंगाच्या कडेकडेनं ठोकून घेत होते. संध्याकाळी मिसेस सिद्दीकींच्या घरात अमेरिकेतली मुलगी पडद्यावर आली आणि अख्ख्या मजल्यानं दारात दाटी करून तिला हात केले. तिला बिचारीला कळेना की अम्मीच्या घरी एवढ्या बायका कशाला.

वीस तारखेला सकाळी साडेनऊला गिरिजाबाई न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून मागच्या खोलीतल्या टेबलाशी बसल्या. घरातच जायचं होतं, पण त्यांनी पर्सही घेतली. कॉम्प्युटरवर शिवांगीच्या पानांचं पहिलं पाकीट उघडलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत साठच्या साठ पानं समोर हजर होती. त्यांनी एकदा बंद करून पुन्हा उघडून बघितलं. पुन्हा आली. पोरीसारखं हसत त्यांनी पेन्सिल उचलली आणि पहिल्या ओळीत मशीननं गिळलेलं वाक्य शोधून काढलं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. तार तुटली नाही, पानं जागची हलली नाहीत. बाहेरच्या खोलीत बळवंतरावांनी फोन उचलला. पवनवेगच्या ऑफिसातून कोणी मुलगी बोलत होती. कनेक्शन ज्यांच्या नावे आहे त्यांच्याशी, गिरिजाजींशी बोलायचं होतं, लाइन नीट चालते आहे का एवढंच विचारायचं होतं.

बळवंतरावांनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार अर्धं लोटलेलं होतं, आत पाठ दिसत होती, मान खाली, एक हात पानावर. अंतर सात पावलांचं असेल.

"मैं उनका हस्बैंड बोल रहा हूँ," ते आवाज उतरवून म्हणाले. "मैडम ऑफिस में हैं. साढ़े पाँच के बाद कीजिए."